डबीवरचा बाण

आमच्या दुकानाला मागचं दार नव्हतं. उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये, एका जुन्या बराकीच्या टोकाला, पुढं मोटारींच्या वायरिंगचं दुकान आणि मागं आमचं घर, अशी ती जागा होती. दोन्हीच्या मध्ये प्लायवूडची भिंत आणि त्या भिंतीत दारापुरती फट. त्या फटीला जीन्सच्या कापडाचा पडदा होता. कॅम्प तीनच्या कारखान्यातून डाग पडलेला तागा स्वस्तात मिळाला होता, त्यातला तो. इतका जाड की वाऱ्यानंही हलायचा नाही. मागच्या खोलीला एक खिडकी होती, ती गटारावर उघडायची. जीन्स धुण्याचे कारखाने वरच्या अंगाला असल्यामुळे त्या गटाराला कधी निळं, कधी काळं पाणी असायचं. म्हणजे बाहेर पडायचं तर दुकानातूनच पडायचं, आणि दुकानात गिऱ्हाईक असलं की घरातल्या बाईनं पुढं यायचं नाही, हा भाऊजींचा नियम.

भाऊजी म्हणजे माझे मोठे दीर. दुकान त्यांचं, नियम त्यांचे. माझे यजमान त्यांच्या हाताखाली काम करायचे आणि त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते. माणूस चांगला, पण मोठ्या भावासमोर त्याचा आवाज घशातच राहायचा. नियमाचा अर्थ काय, ते बाईमाणसालाच कळेल. सार्वजनिक संडास रस्त्यापलीकडे होता. पुढं एखादा शेठ खुर्ची टाकून गप्पा छाटत बसला की मी आत पोट दाबून बसलेली असायची. त्या शेठला काय माहीत की पडद्याआड कुणीतरी त्याच्या उठण्याची वाट बघतंय! आजही कुणी दुकानात उगाच रेंगाळलेलं दिसलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

मी पालेगावची. अंबरनाथच्या आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स केला होता, तोही वर्गात एकटी मुलगी असताना. लग्न जुळवताना सासरच्यांनी त्याचं कौतुक केलं, आणि नव्वदच्या आसपास लग्न होऊन आल्यावर त्याच कौतुकानं मला पडद्याआड एक टेबल, एक सोल्डरिंग आयर्न आणि करंट तपासायचा एक मीटर दिला. स्पीडोमीटर, फ्लॅशर, बिघडलेले स्टिरिओ असं सगळं आत यायचं आणि दुरुस्त होऊन बाहेर जायचं. बाहेर गेल्यावर ते भाऊजींनी केलेलं असायचं. याचा मला राग नव्हता असं म्हणणं खोटं होईल. राग होता, पण संसार होता आणि जायला दुसरी जागा नव्हती.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. आखातातून परतणारे शेठ लोक तिकडच्या गाड्या इकडं आणायला लागले होते. अशीच एक पांढरी लांबलचक गाडी आमच्याकडं आली. तिचा शेठ सिंधी कापडवाला, आणि तिचा ड्रायव्हर माझा धाकटा भाऊ. त्याला ही नोकरी भाऊजींच्या शब्दावर मिळाली होती. गावात भातशेती आणि वर्षातून चार महिने टेम्पो, एवढ्यावर त्याचं भागत नव्हतं. पांढरा शर्ट घालून तो पहिल्यांदा दुकानासमोर उतरला तेव्हा मी पडद्याच्या कडेतून त्याला बघितलं आणि मला हसूच फुटलं. शर्टाला इस्त्री कडक आणि पायात मात्र गावच्या चपला.

गाडीच्या समोरच्या काचेखाली, मीटरांच्या मध्ये, एक लाल दिवा सतत जळत होता. शेठनी मध्यंतरी गाडी एका खांबाला किंचित ठोकली होती. डेंटिंगवाल्यानं पुढचं तोंड सरळ करून दिलं, रंग मारून दिला, आणि तेव्हापासून तो दिवा विझेना. दिवा होता एअरबॅगचा. स्टिअरिंगमध्ये एक पिशवी घडी करून ठेवलेली असते आणि गाडी जोरात आपटली की ती पापणी लवायच्या आत फुगते, एवढं ऐकून सगळ्यांना माहीत होतं. प्रत्यक्षात कुणी बघितली नव्हती.

भाऊजींनी सवयीनं टेस्ट लॅम्प काढला. टेस्ट लॅम्प म्हणजे एक बल्ब आणि दोन वायरी. कुठल्याही तारेला टोचायचा, पेटला तर करंट आहे. सगळं दुकान त्यावर चाललेलं. स्टिअरिंगखालच्या पिवळ्या वायरीत ते तो टोचणार एवढ्यात मी पडद्यामागून ओरडले, "भाऊजी, तिथं लॅम्प नको! त्या बल्बातून जाणारा करंट पिशवी उडवायला पुरतो. तुम्ही स्टिअरिंगवर वाकलाय."

बाहेरून शेठचा आवाज आला, "अंदर कौन बोला?"

"कोई नहीं, साईं. रेडिओ चालू है," भाऊजी म्हणाले. पण लॅम्प त्यांनी खिशात घातला, हे मला फटीतून दिसलं.

गाडीबरोबर शेठनी मॅन्युअलची काही झेरॉक्स पानं आणली होती. ती माझ्याकडं आत आली. पानांत फार काही नव्हतं, पण दिव्याशी बोलायचं कसं ते होतं. डॅशबोर्डखाली एक सॉकेट असतं, त्यातली दोन टोकं तारेच्या तुकड्यानं जोडायची, किल्ली फिरवायची, की तो लाल दिवा लुकलुकायला लागतो. किती वेळा लुकलुकून थांबतो, त्यावरून दुखणं कुठं आहे ते कळतं. शेठ चहाला गेले, तेव्हा भाऊजी गाडीत बसून मोठ्यानं मोजत होते आणि मी पडद्याआड पानावर बोट ठेवून ऐकत होते. त्यांनी मोजलं, मी सांगितलं, "पुढचा डावा सेन्सर. तार तुटलीय नाहीतर डबी गेलीय." बॉनेट उघडून बघितलं तर डाव्या हेडलाइटमागची छोटी डबी तडकलेली होती.

ही डबी म्हणजे सगळ्याची सुरुवात. गाडीच्या पुढच्या भागात डावीकडं एक आणि उजवीकडं एक अशा दोन डब्या असतात, आणि आत, पायाशी, एक पेटी. गाडी आपटलीय हे डबीला आधी कळतं. डबीनं होकार दिला आणि पेटीतल्या दुसऱ्या सेन्सरनंही दिला, तरच पिशवी उघडते; नाहीतर रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला उघडली असती आणि कॅम्पातून स्टेशनपर्यंत जाणंसुद्धा मुश्कील झालं असतं.

भाऊजी कुर्ल्याच्या भंगार बाजारातून तशाच दोन डब्या घेऊन आले. जोडीच बदलू म्हणाले. अडचण एवढीच होती की डेंटिंगवाल्यानं डब्या अडकवायच्या मूळच्या कड्या कापून टाकल्या होत्या आणि त्या जागी साध्या सपाट लोखंडी पट्ट्या ठोकल्या होत्या. मूळच्या कडीत डबी एकाच बाजूनं बसते. पट्टीवर ती कशीही बसते. भाऊजींनी बॅटरी काढून, थांबून, सगळं मी सांगितलं तसं केलं. डब्या बसवल्या. किल्ली फिरवल्यावर लाल दिवा लागला, थोडा वेळ राहिला आणि विझला. तसाच विझायला हवा असतो. शेठनी भाऊजींची पाठ थोपटली. माझ्या भावानं पडद्याकडं बघून हळूच हात केला.

जुन्या दोन डब्या माझ्या टेबलावर आल्या, "फेकून दे" म्हणून. मी कसल्या फेकते! तडकलेली डबी मी करवतीनं कापली. आत एक छोटी नळी, नळीच्या एका टोकाला लोहचुंबक, आणि चुंबकाला चिकटून बसलेली सोन्याच्या मुलाम्याची एक गोळी. वाटाण्यापेक्षा लहान. दुसऱ्या टोकाला दोन पातळ पट्ट्या. डबी हलवली तरी गोळी हलत नव्हती. चुंबकानं तिला धरून ठेवलं होतं. पुरेसा मोठा धक्का बसला तरच ती चुंबकाला सोडून पुढं धावणार, दोन पट्ट्यांना एकदम टेकणार, आणि करंट सुरू होणार. बाकी सगळा जन्म तिनं तिथं धरलेलं राहायचं. मला ती गोळी बघून कसंतरीच झालं, खोटं कशाला सांगू.

मग दुसरी, धड असलेली डबी घेतली. तिला मीटर लावला, आवाज देणाऱ्या बाजूवर ठेवला, आणि डबी टेबलाच्या कडेवर आपटली. टूं. परत आपटली. टूं. मग सहज उलटी धरून आपटली. काहीच नाही. कितीही जोरात आपटली तरी काहीच नाही. गोळी उलट चुंबकातच घुसत होती. डबीवर एक बारीक बाण कोरलेला होता. बाण आपटण्याच्या दिशेला असला तरच टूं.

मी जेवायला आत आलेल्या भाऊजींना विचारलं, "भाऊजी, बाण कुठल्या बाजूला ठेवला?"

"कुठल्या म्हणजे? आत. गाडीच्या आत. करंट आत पेटीकडंच जातो ना?"

यात त्यांची चूक काय म्हणायची? आमच्या दुकानात आलेल्या प्रत्येक वस्तूवरचा बाण हेच सांगत आला होता. पेट्रोलच्या फिल्टरवरचा बाण म्हणजे पेट्रोल इकडून तिकडं जातं. हवेच्या व्हॉल्व्हवरचा बाण, पाण्याच्या पंपावरचा बाण, सगळे वाहणाऱ्या गोष्टीची वाट दाखवणारे. कॅम्पातल्या कुठल्याही मिस्त्रीनं तेच केलं असतं. पण या बाणाचा अर्थ वेगळा होता. गाडीचं तोंड ज्या बाजूला, त्या बाजूला बाण.

मी मीटर लावून त्यांना दाखवलं. सुलटी आपटली, टूं. उलटी आपटली, गप्प. त्यांनी भाताचा घास हातातच धरून बघितलं.

"दिवा विझला ना पण?"

"दिवा फक्त तार बघतो, भाऊजी. पेटी डबीतून जरासा करंट सतत सोडते, तार तुटलेली नाही ना एवढं बघायला. डबीचं तोंड कुठं आहे, ते तिला कळत नाही. दिव्याच्या लेखी सगळं ठीक आहे."

"मग झालं तर. शेठला काय सांगू? आमची बाई आत बसून डब्या आपटते, ती म्हणते चुकलं? गाडी परत बोलावली की दुकानाचं नाव गेलं. आणि ऐक," त्यांनी घास तोंडात घातला, "शेठचं डोकं फिरलं तर पहिली नोकरी कोणाची जाईल? माझ्या शब्दावर ठेवलाय त्याला."

माझे यजमान ताटाकडं बघत होते. भाऊजी हात धुवायला गेल्यावर म्हणाले, "नको ना वाढवूस. पिशवी नसलेल्या गाड्याच चालवतात सगळे. काय होतंय?"

आता हे खरंच होतं. माझ्या बापानं, चुलत्यानं जन्मभर पिशवीशिवायच्या गाड्या चालवल्या. पण ती नसणं वेगळं आणि आहे असं समजून बसणं वेगळं. माझा भाऊ त्या गाडीत बसल्यापासून बेफाम झाला होता. "ताई, ही गाडी ड्रायव्हरला मरू देत नाही," असं तो मला मोठ्या अभिमानानं सांगून गेला होता. दिवा विझल्यावर तर काय, शेठ मागं बसून झोपायचे आणि हा वांगणीच्या रस्त्यावर स्पीडचा काटा जाईल तिकडं जाऊ द्यायचा.

त्याला सांगायचं म्हटलं तरी कुठं? तो यायचा तेव्हा दुकानात माणसं असायची. एकदा तो पाण्याच्या निमित्तानं आत डोकावला, तेव्हा मी घाईघाईनं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, दिवा लागतो न् विझतो, मी रोज बघतो. आणि शेठनी सांगितलंय, बॉनेटला हात लावायचा नाय. लावला तर उद्या टेम्पोवर." गेला निघून. जवळपास कुठंही त्या गाडीसारखा हॉर्न वाजला की मी पडद्याच्या कडेतून डोकवायची. नवरात्र गेलं, दसऱ्याला दुकानातल्या पान्यांना झेंडूची फुलं वाहिली, आणि मी आपली आत बसून सोल्डर वितळवत होते. काय करावं ते सुचेना. भांडायला मी कमी नाही, पण भांडणाचा भुर्दंड भावाला बसणार होता.

मार्ग काढून दिला तो भाऊबिजेनं. हा एकच दिवस असा असतो की घरातले पुरुष आपणहून घर सोडून जातात. भाऊजी आणि यजमान सकाळीच मुरबाडला त्यांच्या बहिणीकडं गेले. जाऊबाई मुलांना घेऊन दिवाळीला माहेरी होत्या. दुकान बंद, शटर अर्धं खाली, आणि माझा भाऊ माझ्याकडं येणार. शेठनी खूश होऊन त्या दिवसापुरती गाडी दिली होती, बहिणीला दाखवायला.

मी पाट मांडला, रांगोळी काढली. त्याला टिळा लावला, ओवाळलं. त्यानं खिशात हात घातला तशी मी म्हणाले, "पाकीट नको. किल्ली टाक."

"काय?"

"ओवाळणी म्हणून गाडीची किल्ली टाक ताटात."

"ताई, वेडी झालीस का? शेठची गाडी हाय ती."

"छाती तर तुझी आहे ना त्या स्टिअरिंगमागं? शेठ मागं झोपतो. टाक. नाहीतर पाटावरून उठू नको."

तो हसला, मग चिडला, मग ताटाकडं बघत बसला. भाऊबिजेला बहिणीनं तोंडानं मागितलेलं नाही कसं म्हणायचं? त्यानं किल्ली सुपारीशेजारी ठेवली. ठेवताना त्याचा चेहरा असा झाला होता, जणू मी त्याच्याकडून शेतच लिहून घेतलं!

मी पदर खोचला, भाऊजींच्या खणातला दहाचा पाना घेतला आणि पडदा बाजूला करून पुढं गेले. भरदिवसा, मी त्या दुकानाच्या पायरीवरून खाली उतरून एका गाडीचं बॉनेट उघडलं. रस्त्यावर नव्या कपड्यातली माणसं चालली होती. समोरच्या जीन्सच्या दुकानातली सिंधी बाई जी थांबली, ती बघतच राहिली. बघू दे, म्हटलं.

बॅटरीची तार काढली आणि थांबले. बॅटरी काढली तरी पेटीत थोडा वेळ करंट साठून राहतो, आपटण्यात बॅटरीच तुटली तर पिशवी अडू नये म्हणून. थांबणं हेच त्या कामातलं सगळ्यात अवघड. भाऊ कोपऱ्यावर उभा राहून करंजी खात पाळत ठेवत होता आणि दर रिक्षाला मान वळवत होता. डावी डबी लगेच निघाली. बाण तोंडासमोर धरून परत आवळली, अगदी घट्ट. डबी ढिली राहिली तर धक्का पट्टीतच मरतो. उजवी काच धुवायच्या पाण्याच्या बाटलीमागं होती. तिथं हात जाईना. बोटांची सालं निघाली, साडीला काळं लागलं, पण बाण पुढं वळला.

बॅटरी जोडली. भावानं किल्ली फिरवली. लाल दिवा लागला, थोडा वेळ राहिला, विझला. आधी लागायचा तसाच, तेवढाच वेळ.

"काय पण फरक नाय झाला, ताई," भाऊ म्हणाला.

मला रडूच आलं. खरंच फरक दिसण्यासारखा नव्हता. संध्याकाळी यजमानांनी बोटं बघून विचारलं, कशानं लागलं. खोबरं किसताना, मी म्हणाले. त्यांनी साडीच्या डागाकडं बघितलं आणि हळद आणून दिली. भाऊजींना काही कळलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारची वेळ, जाऊबाई मुलांना घेऊन सुट्टीला माहेरी, दुकानात दोन-तीन गिऱ्हाईकं. बाहेर एक स्कूटर थांबली आणि कुणीतरी ओरडत आत आलं. "बदलापूरच्या पुढं शेठची गाडी ठोकली! मोरीच्या कठड्याला धडकली! गाडी खलास!"

"ड्रायव्हर?" यजमानांचा आवाज.

त्याच वेळी पुढं उभ्या असलेल्या टेम्पोवाल्यानं इंजिन चालू केलं, आणि उत्तर मला ऐकूच आलं नाही. मी पडद्यापर्यंत गेले. हातात पडदा धरला. पुढं गिऱ्हाईकं होती. आज लाज वाटते लिहायला, पण मी तिथंच थांबले. इतक्या वर्षांची सवय पायात भरली होती. एवढ्यात धावपळ झाली, "चला, चला" झालं, आणि धाडकन आवाज करत शटर खाली आलं. कुलूप लागलं. दुकान रिकामं ठेवून जाताना लावायचं, तसं लावलं त्यांनी. आत माणूस आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या नवऱ्याच्यासुद्धा.

मी शटर बडवलं. हाका मारल्या. उन्हाळ्याच्या दुपारी बाहेर चिटपाखरू नव्हतं आणि पलीकडच्या कारखान्यात मशिनींचा आवाज. मग मी खाली बसले, शटरला पाठ लावून. दुकानात अंधार होता, खालच्या फटीतून तेवढी उन्हाची रेघ येत होती. भाऊ आहे की नाही, एवढं एकच मला कळायला हवं होतं. मी देवाला काही मागितलं नाही. सारखी बाणांचीच उजळणी करत होते. डावा पुढं. उजवा पुढं. नट आवळला होता ना? आवळला होता. भंगारातली डबी, तिची गोळी सुटली असेल ना? त्या बाजारातून आणलेल्या वस्तूचा काय भरवसा! इतकी असहाय मी आयुष्यात पुन्हा कधी झाले नाही.

उन्हाची रेघ शटरपासून निघून भिंतीला लागली तेव्हा कुलूप वाजलं. शटर वर गेलं. समोर माझा भाऊ उभा होता. भुवयांत पांढरी पावडर, दोन्ही मनगटं भाजून लाल, नाकाला खरचटलेलं. अंगाला फटाक्यांच्या दारूचा वास येत होता.

"ताई, धाडकन उघडली गं," तो म्हणाला. "मला वाटलं बॉम्ब फुटला."

मी त्याच्या थोबाडीत मारली. मग त्याला धरून इतकी रडले की त्याची पावडर माझ्या तोंडाला लागली.

दुसऱ्या दिवशी शेठ मिठाईचा खोका आणि हार घेऊन आले. हार भाऊजींच्या गळ्यात घातला. "साईं, तुम्हारे हाथ का काम है. लड़का बच गया." दुकानात टाळ्या वाजल्या. मी पडद्याआड होते. भाऊ पुढं उभा होता, त्यानं तोंड उघडलं असावं, कारण यजमान पटकन म्हणाले, "तू बस जरा, तुला बरं नाय." पेढा मात्र आत आला.

भाऊजी गळ्यात हार घेऊन उभे होते. त्यांनी मोरीपाशी जाऊन त्या गाडीचं चेपलेलं तोंड बघितलं होतं. डब्या त्यांनी स्वतः उलट्या बसवल्या होत्या आणि आता त्या सुलट होत्या, हे न कळण्याइतके ते आंधळे नव्हते. पण त्यांनी मला काही विचारलं नाही. पुढचे कित्येक दिवस त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलंही नाही. काम बाहेरून आत यायचं, आतून बाहेर जायचं, पूर्वीसारखंच. मला वाटलं, संपलं. हेच आपलं.

मग एक दिवस दुपारी पडदा हलला. भाऊजी आत आले, दुसऱ्या कुठल्यातरी गाडीच्या दोन डब्या घेऊन. या डब्यांवर बाण नव्हता, नुसते आकडे होते. त्यांनी त्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि खालच्या आवाजात विचारलं, "तोंड कुठल्या बाजूला करायचं यांचं?"

मी डबी उचलून फिरवून बघितली. मीटर लावून, आपटून सांगता आलं असतं. मी डबी खाली ठेवली.

"गाडी बघितल्याशिवाय सांगत नाही."

"गिऱ्हाईक बसलंय बाहेर."

"बसू दे."

त्यांनी पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "थांब मग. त्याला चहाला पाठवतो, शटर ओढतो, मग ये."

"शटर ओढू नका, भाऊजी," मी म्हणाले. "ते शटर खाली असताना मी पुन्हा पुढं येणार नाही."

मग त्यांनी टेबलावरच्या डब्या उचलल्या, पडदा बाजूला केला आणि तसाच धरून ठेवला.

मी पुढं गेले. बाकावर एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत बसले होते. त्यांनी मान वर केली, मला जायला जागा व्हावी म्हणून पाय आवरून घेतले, आणि परत पेपरात डोकं घातलं. एवढंच. एवढ्यासाठी मी सहा वर्षं आत बसले होते.